गुरूवांचून शिकलेला खेळाडू आणि टेबल-टेनिसची स्पर्धा



आजच्या भाषणाचा विषय दिसण्यांत लहान आहे. ज्यास कोणी शिकविलें नाहीं, ज्यानें दुसऱ्यांचें पाहून व स्वतःच हात चालवून टेबल-टेनिसचा खेळ उचलला, त्यानें स्पर्धेची तयारी कशी करावी, हें मला सांगावयाचें आहे. ज्या गांवीं क्लब नाहीं, शिक्षक नाहीं, आणि शाळेच्या मागल्या खोलींत अगर वाचनालयाच्या पडवींत कोणा दात्यानें दिलेलें एकुलतें एक टेबल आहे, अशा गांवींही मुलें हा खेळ मोठ्या आवडीनें खेळतात. माझें आयुष्य असल्याच गांवांतील शाळांतून शिकविण्यांत गेलें, आणि अशीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. होतां होतां गांवांत त्यांना हरविणारा कोणी उरत नाहीं. मग तीं तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या ठिकाणीं स्पर्धेस जातात, आणि पहिल्याच फेरींत हरून परत येतात.

हरणें ही फार मोठी गोष्ट नव्हे. थोडा हिशेब करून पाहा. बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीनें होतात. ३२ नांवें असलीं, तर पहिल्या फेरींतच १६ जणांचा खेळ संपतो, आणि सरतेशेवटीं ३१ जण कोणत्या ना कोणत्या फेरींत हरलेलेच असतात. माझी चिंता निराळी आहे. पहाटेची एस. टी. पकडून, दोन-तीन तासांचा प्रवास करून गेलेला मुलगा पंधरा मिनिटांत हरतो, आणि आपण कां हरलों हें त्यास समजत नाहीं. चेंडू नेहमींसारखाच मारला तरी जाळींत गेला, किंवा उंच उडून टेबलाबाहेर पडला, एवढेंच त्यास आठवतें. जें समजलें नाहीं त्याचें खापर तो स्वतःच्या उणेपणावर फोडतो. हें शहरच्या मुलांचें काम, आपलें नव्हे, असें म्हणून तो बॅट ठेवून देतो. अशा रीतीनें ठेवलेली बॅट पुन्हां उचललेली मीं क्वचितच पाहिली आहे. म्हणून या लहानशा विषयावर बोलण्याचें मीं योजिलें.

गुरूवांचून शिकणाऱ्याची गोष्ट निघाली कीं आपणां सर्वांना एकलव्य आठवतो. परंतु धनुर्विद्येंत आणि या खेळांत एक मोठा भेद आहे. झाडावरचें फळ बाण चुकवीत नाहीं आणि उलट बाण मारीतही नाहीं. त्यामुळें अरण्यांत एकट्यानें केलेला अभ्यास तेथें पुरा पडूं शकतो. टेबल-टेनिसमध्यें मात्र लक्ष्यच आपल्यावर बाण सोडीत असतें. म्हणून आपणच आपले शिक्षक झालों, तर या खेळाचा एक भाग चांगला येतो आणि दुसरा कच्चा राहतो. फटका मारणें येतें. समोरून आलेला अनोळखी चेंडू ओळखणें येत नाहीं. गांवांतल्या चार सोबत्यांचे चेंडू सरावानें ओळखीचे झालेले असतात, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. तयारी करावयाची ती मुख्यतः या कच्च्या भागाची.

आतां खेळाचीं कांहीं मापें ध्यानांत घेऊं. टेबल २.७४ मीटर लांब व १.५२५ मीटर रुंद असतें. जमिनीपासून त्याची उंची ७६ सेंटिमीटर, आणि त्यावर जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन अवघें २.७ ग्रॅम. सेकंदास दहा मीटर वेगानें आलेला चेंडू टेबलाची लांबी पाव सेकंदाहून थोड्या अधिक वेळांत ओलांडतो. डोळ्यांनीं पाहिलें आणि हात हलला, एवढ्यालाच माणसास सेकंदाचा सुमारें पांचवा भाग लागतो. म्हणजे चेंडू जाळी ओलांडून आल्यावर विचार करूं म्हटलें तर वेळच उरत नाहीं. जें ओळखावयाचें तें समोरच्याची बॅट चेंडूस लागते त्या क्षणींच ओळखलें पाहिजे. नवशिका चेंडूकडे पाहत असतो. जाणता खेळाडू प्रथम बॅटकडे पाहतो.

दुसरा हिशेब गुणांचा. २००१ पासून डाव ११ गुणांचा झाला आहे. पूर्वीं तो २१ गुणांचा होता. दोघेही आळीपाळीनें दोन दोन सर्व्हिस करतात, आणि १०-१० अशी बरोबरी झाली तर एक एक. एखादा डाव ११-९ असा सुटला, तर त्यांत २० गुण खेळले गेले. त्यांपैकीं १० गुण आपल्या सर्व्हिसनें सुरू झाले आणि १० समोरच्याच्या. तडाखेबंद फोरहँड एखाद्या गुणांत मारावयास मिळतो, एखाद्यांत मिळतही नाहीं. परंतु सर्व्हिस करणें किंवा ती परतविणें यांतून एकही गुण सुटत नाहीं. असें असतां आपलीं मुलें काय करतात? तास दोन तास फोरहँड मारीत बसतात, आणि सर्व्हिस ही केवळ खेळ सुरू करण्याची रीत आहे असें समजतात. तयारीचा अर्धा वेळ सर्व्हिस व तिचें उत्तर यांस द्यावा, हें माझें पहिलें सांगणें.

सर्व्हिस परतवितांना जो घोटाळा होतो, त्याचें कारण चेंडूची फिरकी. बॅटनें चेंडूस सरळ ठोकलें तर तो फिरत नाहीं. त्याच्या अंगावरून बॅट घासून नेली तर तो स्वतःभोंवतीं गरगर फिरत येतो. बॅट खालून वर घासली तर टॉप-स्पिन मिळते. असा चेंडू हवेंत लवकर खालीं झुकतो आणि टेबलावर पडून पुढें झेपावतो. बॅट वरून खालीं घासली तर बॅक-स्पिन मिळते. असा चेंडू हवेंत तरंगल्यासारखा येतो आणि टेबलावर पडून अडखळतो. बॅट आडवी घासली तर चेंडू बाजूस वळतो. हे तीन प्रकार निरनिराळे पाठ करण्याची गरज नाहीं. तिघांना मिळून एकच नियम पुरतो: फिरणारा चेंडू आपल्या बॅटला लागला, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याची बॅट जिकडे गेली असेल तिकडे तो पळूं पाहतो. त्याची बॅट खालीं गेली, तर चेंडू आपल्या बॅटवरून खालीं, म्हणजे जाळींत जातो. ती वर गेली, तर चेंडू वर उडून टेबलाबाहेर जातो. ती त्याच्या डावीकडे गेली, तर चेंडू त्याच्या डावीकडे सुटतो. यावरून उपायही निघतो. समोरची बॅट जेथून निघाली, त्या बाजूकडे आपण नेम धरावा. ती वरून खालीं आली असेल, तर आपल्या बॅटचें तोंड आकाशाकडे थोडें उघडून चेंडूखालीं हात घालावा. ती खालून वर गेली असेल, तर बॅट पुढें झुकवून चेंडू दाबावा. ती एका बाजूनें दुसरीकडे गेली असेल, तर ज्या बाजूनें निघाली तिकडे मारावें. हा नियम शाळेंतील दहा वर्षांच्या मुलासही समजतो, आणि तो समजला कीं जाळींत गेलेल्या चेंडूचें गूढ उरत नाहीं.

आणखी एक खूण सांगतों. चेंडूवर कारखान्याचा छाप असतो. चेंडू येतांना तो छाप स्पष्ट दिसला, तर फिरकी थोडी आहे. छाप पुसट होऊन दिसेनासा झाला, तर फिरकी भारी आहे. सर्व्हिस करणारा कित्येकदां हात मोठ्या आवेशानें फिरवितो आणि चेंडूस फिरकी मात्र देत नाहीं. अशा वेळीं ही खूण उपयोगीं पडते.

शिक्षक नसतां हें ज्ञान अंगीं कसें बाणवावें? दोन सोबत्यांनीं मिळून एक साधी पद्धत चालवावी. पहिले कांहीं दिवस सर्व्हिस करणाऱ्यानें आधीं मोठ्यानें सांगावें कीं, मी बॅक-स्पिन देतों, किंवा टॉप-स्पिन देतों. दुसऱ्यानें त्याप्रमाणें परतवावें. पुढें सर्व्हिस करणाऱ्यानें गप्प राहावें आणि परतविणाऱ्यानें चेंडू मारण्यापूर्वीं फिरकीचें नांव उच्चारावें. नांव बरोबर आलें आणि फटका चुकला, तरी तो अभ्यास यशस्वी समजावा. नांव चुकून फटका दैवयोगानें टेबलावर पडला, तर तो अभ्यासांत धरूं नये. पाढे शिकवितांना आपण जें करतों, तेंच हें आहे: आधीं पाहून म्हणणें, मग न पाहतां म्हणणें, आणि शेवटीं मधूनच विचारलें तरी सांगणें.

सर्व्हिसचा अभ्यास मात्र एकट्यानें होतो, आणि येथें एकलव्याचा मार्ग पूर्णपणें उपयोगीं पडतो. वीस-पंचवीस जुने चेंडू एका बादलींत घ्यावे. पलीकडच्या बाजूस वहीचा एक कागद ठेवावा आणि चेंडू त्यावर पाडावा. प्रथम एकच सर्व्हिस धरावी, ती म्हणजे आंखूड बॅक-स्पिनची. आंखूड म्हणजे काय? समोरच्यानें हात लावला नाहीं तर पलीकडच्या बाजूवर चेंडूचे निदान दोन टप्पे पडले पाहिजेत. असा चेंडू मारण्यासाठीं समोरच्यास मागें मोठा हात घेतां येत नाहीं, कारण टेबल आड येतें. फिरकी खरोखर पडते कीं नाहीं, याची परीक्षा घरच्या जमिनीवरही होते: चेंडू पुढें टाकल्यावर टप्पे घेत आपल्याकडे परत येऊं लागला, तर बॅक-स्पिन चांगली बसली. ५० सर्व्हिस कराव्या आणि किती साधल्या तो आंकडा रोज वहींत लिहावा. ५० पैकीं ४५ साधूं लागल्या, म्हणजे दुसरी सर्व्हिस शिकण्यास हरकत नाहीं. ही दुसरी सर्व्हिस दिसण्यांत अगदीं पहिलीसारखी, पण फिरकीवांचून करावी. याची युक्ति अशी: बॅट फिरतांना तिचें टोक सर्वांत वेगानें फिरतें आणि मुठीजवळचा भाग सावकाश फिरतो. टोंकानें चेंडू घासला तर फिरकी भारी पडते. मुठीजवळ घेतला तर जवळ जवळ पडतच नाहीं. हात तोच, फिरकी निराळी. जोडीला एक लांब व वेगवान सर्व्हिस असावी, म्हणजे समोरचा टेबलास चिकटून उभा राहणार नाहीं. पहिल्या स्पर्धेस एवढ्या तीन पुरेत.

सर्व्हिस केल्यावर पुढचा चेंडू काय येईल, याचाही विचार आधींच करून ठेवावा. आंखूड बॅक-स्पिनला समोरचा बहुधा ढकलूनच उत्तर देतो, म्हणजे त्याचाही चेंडू बॅक-स्पिन घेऊन येतो. तो खालून वर घासून उचलण्याचा फटका नसेल, तर सर्व्हिसचा फायदा हातचा जातो. या फटक्यासाठीं सायकलचें जुनें चाक उपयोगी आहे. तें आंसावर मोकळें फिरेल असें टांगावें आणि बॅटनें टायरला खालून वर हलकें घासावें. ठोकलें तर चाक नुसतें हालतें. घासलें तर वेगानें फिरतें. ठोकणें आणि घासणें यांतील फरक हातास असा समजतो. पायांसाठीं अंगणांत खडूच्या दोन रेघा टेबलाच्या रुंदीइतक्या, म्हणजे सुमारें दीड मीटर अंतरावर ओढाव्या आणि गुडघे किंचित् वांकवून, पायांवर पाय न टाकतां, बाजूबाजूनें सरकत जा-ये करावी. टेबल दुसरे कोणी वापरीत असले, तर तेवढ्या वेळांत हें करतां येतें.

आतां रबराची गोष्ट. आपल्या गांवांत सर्वांच्या बॅटचें रबर बहुधा एकाच जातीचें, गुळगुळीत, असतें. स्पर्धेंत दाण्यांचें रबर भेटतें, आणि त्यांतही लांब दाण्यांचें भेटलें म्हणजे नवखा खेळाडू गांगरतो. त्याचें कारण सोपें आहे. गुळगुळीत रबर चेंडूस पकडतें आणि त्याची फिरकी बदलतें. लांब दाणे वांकतात, चेंडूस फारसे पकडीत नाहींत. म्हणून चेंडू ज्या दिशेनें फिरत होता तसाच फिरत राहतो, फक्त त्याचा प्रवास उलटा होतो. पुढें येतांना जी टॉप-स्पिन होती, तीच परत जातांना बॅक-स्पिन ठरते. म्हणजे आपण जोरानें टॉप-स्पिन मारली, तर आपलीच फिरकी उलटी होऊन आपल्याकडे येते. त्यावर पुन्हां तशीच झुकती बॅट ठेवली कीं चेंडू जाळींत जातो. अशा बॅटसमोर फिरकी थोडी द्यावी, चेंडू लांब व संथ टाकावा, आणि आपणच दिलेल्या फिरकीचें स्मरण ठेवावें.

अनोळखी रबरापुढें मोठमोठेही हतबल झालेले आहेत, आणि याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें. १९५२ सालीं जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईस भरल्या होत्या. त्या वेळीं बहुतेक खेळाडू दाण्यांच्या साध्या रबराची बॅट वापरीत, आणि चेंडूचा टकटक असा आवाज येई. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. तिच्यावरून चेंडू आवाज न करतां व वेगानें सुटे. युरोपांतील नामांकित खेळाडूंस त्याचा अंदाज येईना, आणि सातो विजेता झाला. पुढें १९५९ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें रबराच्या जाडीवर मर्यादा घातली. जगांतील उत्तम खेळाडू ज्या कारणानें हरले, त्याच कारणानें आपल्या तालुक्यांतला मुलगा हरला, तर त्यांत त्याचा कमीपणा कोणता? मात्र आज त्यास एक संरक्षण आहे. बॅटची एक बाजू काळी व दुसरी निराळ्या ठळक रंगाची असावी लागते, म्हणजे कोणत्या बाजूनें चेंडू मारला हें समोरून कळतें. शिवाय सामना सुरू होण्यापूर्वीं प्रतिस्पर्ध्याची बॅट हातांत घेऊन पाहण्याचा नियमानेंच हक्क आहे. पुष्कळ मुलें संकोचानें ती मागत नाहींत. ती अवश्य मागावी, दोन्ही बाजूंवरून बोट फिरवावें, आणि कोणत्या रंगाखालीं कोणतें रबर आहे हें मनांत पक्कें करावें.

नियमांचें अज्ञान हें हरण्याचें तिसरें कारण होय. गांवांत पंच नसतो. म्हणून वाईट संवयी निमूटपणें जडतात. सर्व्हिस करतांना चेंडू उघड्या, सपाट तळहातावर स्थिर ठेवावा लागतो. तो जवळ जवळ सरळ वर निदान १६ सेंटिमीटर उडवावा लागतो, आणि खालीं येतांना मारावा लागतो. तो टेबलाच्या पातळीच्या वर व शेवटच्या रेषेच्या मागें असला पाहिजे, आणि अंगानें अगर मोकळ्या हातानें तो समोरच्यापासून लपवितां येत नाहीं. बोटांत चेंडू धरून तो थेट बॅटवर सोडण्याची संवय असेल, तर गुणावर पाणी सोडावें लागतें. खेळ चालू असतां मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागास टेकला, तरी गुण जातो. चेंडू टेबलाच्या वरच्या कडेस लागला तर तो चांगला. खालच्या उभ्या बाजूस लागला तर वाईट. पांढऱ्या चेंडूनें सामना असतां मुख्यतः पांढरा सदरा चालत नाहीं, कारण त्यावर चेंडू दिसत नाहीं. शाळेच्या गणवेषाचा पांढरा सदरा घालून गेलेल्या मुलास ऐनवेळीं दुसऱ्याचा सदरा मागण्याची पाळी येते, आणि मन तेथेंच अर्धें खचतें. रंगीत सदरा पिशवींत आधींच ठेवावा.

नुसता चेंडू परत करीत राहून समोरच्यास थकविणें, ही कांहीं मुलांची आवडती युक्ति असते. तिलाही सीमा आहे. १९३६ सालीं प्राग येथील जागतिक स्पर्धेंत एर्लिख व पानेथ या दोघांचा एकच गुण दोन तासांहून अधिक वेळ चालला होता. आजच्या नियमानें डाव १० मिनिटांत संपला नाहीं आणि तोंवर दोघांचे मिळून १८ गुण झाले नसले, तर त्वरित खेळाचा नियम लागू होतो. मग सर्व्हिस एकेकदां बदलते, आणि परतविणाऱ्यानें १३ वेळां चेंडू नीट परत केला तर गुण त्याचा होतो. म्हणून बचावाच्या जोडीला एखादा तरी मारण्याचा फटका असावा.

स्पर्धेला सहा आठवडे आहेत असें धरूं. पहिले दोन आठवडे सर्व्हिस व तिचें उत्तर यांस द्यावे. तिसरा व चौथा आठवडा सर्व्हिसनंतरच्या फटक्यास व पायांस द्यावा. पांचव्या आठवड्यांत शक्य तितक्या अनोळखी माणसांशीं खेळावें. रविवारीं जवळच्या शहरांतील एखाद्या क्लबांत जाऊन नम्रपणें विचारलें, तर बहुधा कोणी नाहीं म्हणत नाहीं. तेथें लांब दाण्यांची बॅट घेऊन तरुणांस नाचविणारे एखादे वयस्क गृहस्थ भेटले, तर त्यांच्याशीं आवर्जून खेळावें. त्यांच्याशीं हरलेले पांच डाव गांवांत जिंकलेल्या पन्नास डावांहून अधिक शिकवितात. सहाव्या आठवड्यांत खेळ कमी करावा, झोंप पुरी घ्यावी, आणि नवें कांहीं शिकूं नये. स्पर्धेंत कोणता चेंडू वापरणार हें आधीं विचारून घ्यावें. मोठ्या स्पर्धांत २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजीं प्लास्टिकचा चेंडू आला आहे, आणि दोहोंची उसळी सारखी नसते.

या सहा आठवड्यांत एक गोष्ट मात्र करूं नये. आपली बॅट धरण्याची रीत किंवा मुख्य फटका पुस्तकांतल्या चित्राप्रमाणें नाहीं, म्हणून तो मोडून नवा बसविण्याच्या भरीस पडूं नये. जुनें सुटतें, नवें बसत नाहीं, आणि सामन्याच्या दिवशीं दोन्ही हातचीं जातात. ओबडधोबड दिसणारा पण दहांतून आठ वेळां टेबलावर पडणारा फटका हें आपलें भांडवल आहे. दुरुस्ती करावयाची ती स्पर्धेनंतर, सवडीनें करावी. उशीरा सुरुवात झाली म्हणूनही कोणी निराश होऊं नये. जपानचा इचिरो ओगिमुरा हा खेळ माध्यमिक शाळेंत असतांना शिकूं लागला, आणि १९५४ व १९५६ अशा दोन सालीं जगाचा अजिंक्यवीर झाला. पुढें तो आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्षही झाला. प्रत्येकजण ओगिमुरा होणार नाहीं, पण सोळाव्या वर्षीं दार बंद होत नाहीं, इतकें त्यावरून दिसतें.

स्पर्धेच्या दिवशीं लवकर पोंचावें, टेबलाभोंवतींची जमीन निसरडी आहे का पाहावें, दिव्यांची संवय डोळ्यांस होऊं द्यावी. सामन्यापूर्वीं दोन मिनिटें सरावास मिळतात. त्या वेळांत आपले फटके दाखवूं नयेत. समोरच्याची कोणती बाजू कच्ची आहे हें पाहावें. दर सहा गुणांनंतर अंग पुसण्यास थोडी सवड मिळते, दोन डावांमध्यें एक मिनिट मिळतें, आणि संपूर्ण सामन्यांत एकदां एक मिनिटाचा विराम मागतां येतो. हा विराम लागोपाठ तीन-चार गुण गेले कीं मागावा; डाव हातचा गेल्यावर मागून उपयोग नाहीं. त्या मिनिटांत स्वतःस एकच प्रश्न विचारावा: त्याची बॅट कोणीकडे जात आहे?

शेवटीं, हरल्यास काय करावें? आधींच सांगितल्याप्रमाणें एकावांचून सारे हरणारच आहेत. हरल्यावर लगेच पिशवी उचलून स्टँडवर जाऊं नये. विजेत्याचा पुढील सामना बसून पाहावा. मग त्याच्याजवळ जाऊन, तुझी ती सर्व्हिस कोणती होती, असें सरळ विचारावें; खेळाडू बहुधा मोकळेपणानें सांगतात, करूनही दाखवितात. वहींत चार रकाने आंखावे: सर्व्हिसवर गेलेले गुण, सर्व्हिस परतवितांना गेलेले गुण, त्यापुढच्या फटक्यावर गेलेले गुण, आणि लांबलेल्या खेळांत गेलेले गुण. आठवतील तेवढे गुण त्यांत भरावे. ज्या रकान्यांत आंकडा सर्वांत मोठा, तो पुढील तीन महिन्यांचा अभ्यास. गांवीं परत जातांना मुलाच्या खिशांत हा कागद असला, तर आपण कां हरलों हें त्यास ठाऊक असतें. आणि ज्यास कारण ठाऊक आहे, त्यास दुसरे दिवशीं टेबलाकडे जाण्यास काम असतें.

आईबापांस व माझ्या शिक्षकबंधूंस एवढीच विनंती आहे कीं, अशा मुलाबरोबर शक्य तर कोणीतरी मोठ्या माणसानें जावें. खेळ येत नसला तरी चालेल. रकाने आंखून शेजारीं बसणें आणि कोणता गुण कसा गेला तेवढें टिपणें, हें काम कोणासही करतां येईल. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.